डिकीतला बेस: बिघाड शोधण्याचे सात सोपे, महाग मार्ग

अभिनंदन! डिकीत १२ इंची दोन वूफर बसले. पंक्चर झालं की स्टेपनी काढायला आता चार माणसं लागतील आणि भाजीची पिशवी कायमची आईच्या मांडीवर. एवढं करूनही बेस शेजारच्या पिठाच्या गिरणीइतकाच? खचू नका. बिघाड शोधायचं शास्त्र आहे आणि त्याचा नियम एकच: जे स्वस्त, ते सगळ्यात शेवटी तपासायचं.

१. अँप्लिफायरच्या, म्हणजे अँपच्या, खोक्यावरचा आकडा मोठ्याने वाचा. ३००० वॅट! खालच्या बारीक अक्षरांतला 'आरएमएस' वाचू नका. सतत मिळणारी ताकद तिथे लिहिलेली असते, उगाच मन खट्टू होतं. अँपच्या फ्यूजकडेही बघू नका. ३० अँपिअरचा एकच फ्यूज आणि १४ व्होल्ट, म्हणजे आत जाणार जेमतेम ४२० वॅट. त्यातून बाहेर ३००० निघत असतील तर ही युक्ती कोयनेला कळवा.

२. वायरवर पैसे वाचवा. बाहेरचं प्लॅस्टिक लालभडक आणि अंगठ्याएवढं जाड असलं की झालं. टोक सोलून ब्लेडने खरवडू नका. तांब्याच्या मुलाम्याखालून पांढरं ॲल्युमिनियम डोकावेल. तेवढ्याच जाडीच्या तांब्याइतका करंट त्यातून जात नाही. बॅटरीपासून डिकीपर्यंत व्होल्ट वाटेतच जिरतात. पण गालिच्याखालची वायर बघतो कोण?

३. अर्थिंग दोन मिनिटांत उरका. हाताला लागेल तो स्क्रू सैल करा, त्याखाली रिंग सरकवा, आवळा. खाली कंपनीचा चकचकीत रंग आहे? राहू द्या. रंगातून वीज जात नाही हे खरं, पण गाडीला ओरखडा काढायचा म्हणजे जिवावर येतं. तुमचं दुःख आम्ही समजतो.

४. वूफर मनाला येईल तसे जोडा. ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले तर २ ओहम, एकापुढे एक जोडले तर ८. अँप २ ओहम पेलणारा असेल तर ८ लावा. ताकद साधारण पावपट मिळते आणि अँप थंड राहतो. याउलट ४ ओहमच्या अँपला २ लावलेत की तो लाल दिवा लावून झोपतो. आणखी प्रगती हवी असेल तर एका वूफरचे प्लस-मायनस उलटे करा. जोडीतला एक बैल उलटा जुंपल्यासारखं होतं: दोघंही घामाघूम, नांगर जागच्या जागी.

५. गेन पूर्ण उजवीकडे फिरवा. स्टिरिओचा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालायला तो असतो, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना बेस आवडत नाही. थोड्या वेळाने आवाज फाटेल, मग जळक्या वार्निशचा वास येईल. तिसऱ्या वूफरच्या खरेदीचा मुहूर्त जवळ आला म्हणून समजा.

६. कॅपॅसिटर घ्या. निळ्या दिव्याचा, १ फॅरडचा. व्होल्टेज १४ वरून १२ वर येईपर्यंत तो २६ ज्यूल देतो, म्हणजे १००० वॅटची भूक २६ मिलिसेकंद भागते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. दिवा मात्र रात्रभर छान दिसतो.

७. खिसा रिकामा झाला की शेजारच्या वायरमनकडून मल्टिमीटर उसना आणा. गाणं चालू ठेवून आधी बॅटरीवर टेकवा, मग अँपच्या टर्मिनलवर. तिथे १४ आणि इथे ११? मग लाल टोक अँपवरच राहू द्या. काळं टोक अर्थच्या स्क्रूजवळच्या उघड्या पत्र्यावर टेकवा. आकडा वर चढला? मग दोष अर्थिंगचा. रिंग काढा, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा उघडा पत्रा दिसेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट आवळा.

आरसा थरथरला? नंबर प्लेट खडखडली? झालं काम, पॉलिश पेपरच्या खर्चात. आता उरलेला जळका वूफर आणि निळा दिवा यांचं करायचं काय, ही चिंता सोडा. खालच्या मजल्यावरच्या पोराने कालच डिकी उघडून विचारलं: "दादा, माझा बेस कमी पडतोय, काय घेऊ?"

त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करायला सांगा.