कापडाची मुदतठेव

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्याला सात वर्षं झाली. पण खडकवासल्यात किती पाणी आहे हे अजून रोज सकाळी चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवतात. गेल्या रविवारी मी भिशीला गेले असताना त्यांनी धरण सोडलं आणि माझं कपाट मोजायला घेतलं. घरी आले तर जेवणाच्या टेबलावर फुलस्केप कागद, वर पाण्याचा तांब्या ठेवलेला. ‘एकूण साठा 412 मीटर. आवक चालू. विसर्ग शून्य. सांडव्याची सोय आढळली नाही.’

दिवाणाखालची दोन बोचकी त्यांच्या नजरेतून सुटली होती. मीही आठवण करून दिली नाही.

पाच वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाल्यावर मी क्विल्टिंग शिकले. शिकले गोधडीच, पण गोधडी शिवते म्हटलं की लोक जुन्या साड्या आणून देतात आणि क्विल्टिंग करते म्हटलं की क्लासची फी विचारतात. या पाच वर्षांत माझ्या हातून तीन गोधड्या पूर्ण झाल्या. डबलबेडच्या एका गोधडीला वरचं आणि खालचं मिळून अकराएक मीटर कापड जातं. म्हणजे 412 मीटरच्या सदतीस गोधड्या. यांनी त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं बासष्ट वर्षं. मी आता पासष्टची. एकशे सत्ताविसाव्या वर्षी कपाट रिकामं होईल, आणि तेही आजपासून एक चिंधीसुद्धा विकत आणली नाही तर. या अटीपाशी ते स्वतःच हसले.

मी बँकेच्या भाषेत उत्तर दिलं. ही ठेव आहे, मुदतीआधी मोडली तर नुकसान. ‘मुदत कधी संपते?’ त्यांनी विचारलं. मी कुकर लावायला उठले.

या दुखण्याला अमेरिकेतल्या गोधडीवाल्या बायकांनी नाव देऊन टाकलंय. हयातीत संपणार नाही इतकं कापड जमलं की त्याला त्या ‘सेबल’ म्हणतात, चार-पाच शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. अर्धवट राहिलेली गोधडी म्हणजे ‘यूएफओ’. तिकडं केंटकी राज्यातल्या पडुका गावात 1991 पासून गोधड्यांचं संग्रहालय आहे आणि दर वर्षी तिथं जत्रा भरते. कापडाच्या तयार गठ्ठ्यांची नावं तर अशी की तोंडाला पाणी सुटावं. अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी ती ‘जेली रोल’, दहा इंची चौकोनांची चळत ती ‘लेयर केक’. आमच्या घरी साखरेची पथ्यं असल्यानं मी भाचीकडून या दोन्हींचा एकेक डबा मागवला. उघडलेला नाही. नुसतं बघितलं तरी गोड वाटतं.

आता याच अमेरिकेत 1930च्या मंदीत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या पोत्यांवर फुलं छापून यायची, कारण बायका त्या पोत्यांचे झगे आणि गोधड्या शिवत. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी उसवून ज्या गोधड्या जोडल्या, त्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर टांगल्या गेल्या. त्या बायकांकडे कपाट नव्हतं. थंडी होती. मी ही माहिती यांना मोठ्या उत्साहानं सांगितली आणि तोंड उघडल्याचा पश्चात्ताप केला. ‘म्हणजे कपाट रिकामं असलं तर गोधडी होते,’ असं टिपण त्याच कागदाच्या मागं पडलं.

माझ्या आजीचं असंच होतं. नवं लुगडं आधी सणाला, मग रोजचं. मध्ये विरलं की तेवढा भाग फाडून काढायचा आणि दंड घालायचा. दंडाचंही फाटलं की ते वाकळीत जाई, चार-पाच थर एकावर एक, दाभणात दोरा ओवून कडेकडेनं आत आत धावदोरा. उरलेल्या मऊ तुकड्यांची बाळाची दुपटी, मग भांडी पुसायचं फडकं, आणि शेवटी पोतेरं. नऊ वाराचं लुगडं पोतेरं होऊन चुलीपुढं संपेपर्यंत घराबाहेर जात नसे. आजीची वाकळ म्हणजे कापड संपवायची जागा होती. माझी गोधडी म्हणजे कापड आणायचं कारण. हे वाक्य मी यांच्यासमोर बोललेले नाही, इथं लिहितेय. सदर ते वाचत नाहीत, फक्त पाणीसाठ्याचा तक्ता वाचतात.

पण सगळा दोष माझ्या डोक्यावर कशाला? ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही, त्यांच्याही कपाटात एक खालचा कप्पा असतो, ओटीतल्या ब्लाऊजपीसांचा. मराठी घरात ब्लाऊजपीस शिवत नाहीत, तो फिरतो. सदाशिव पेठेतून निघालेला एक मोरपंखी पीस संक्रांत ते रथसप्तमी या काळात कोथरूड, वारजे, मग कोणाच्या तरी डोहाळजेवणाला थेट कोल्हापूर करून पुढच्या वर्षी माझ्याकडेच परत आला. मी ओळखला, कोपऱ्यात माझ्याच हळदीचा डाग होता. रिझर्व्ह बँक मळक्या नोटा तरी काढून घेते, या पीसांना निवृत्ती नाही. तिथं कोणी टेप घेऊन मोजायला जात नाही.

आणि कापायचं म्हटलं तरी कापायचं काय? कच्छला गेलो होतो तेव्हा अजरखपूरहून सहा मीटर अजरख आणलं. 2001च्या भूकंपानंतर धमडक्याच्या खत्री मंडळींनी वसवलेलं हे गाव. तिथं कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, काळ्या रंगासाठी गंजलेलं लोखंड गुळाबरोबर आंबवतात, निळीत घालतात, धुतात, वाळवतात, पुन्हा छापतात. अनेक दिवस कारागीर त्यासाठी खपतो. आणि मी त्याचे अडीच इंची तुकडे करू? ते कापड महिन्यातून एकदा बाहेर काढते, हात फिरवते, पुन्हा घडी घालून डांबरगोळी बदलते. आमच्या क्विल्टिंगच्या गटातल्या सगळ्याच जणी हे करतात. जी म्हणते ‘मी आणते तेवढं वापरते’, तिच्या गोधड्या बघाव्यात. एकसुद्धा रंग दुसऱ्याशी बोलत नाही.

आवक लपवण्याचं शास्त्र मात्र आम्ही चांगलं विकसित केलंय. रविवार पेठेतल्या कापडगंजातून आलं की कापड पिशवीत तळाला, वर मेथीची जुडी. गाडीच्या डिकीतलं मुक्कामी कापड दुपारी हे झोपले की वर येतं. ‘हे नवीन दिसतंय’ असं कोणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं, ‘नवीन कुठलं, जुनंच आहे.’ खोटं नाही. डिकीत दहा दिवस राहिलं की कापड जुनं होतं. किंमत विचारली तर मीटरचा भाव सांगायचा, मीटर सांगायचे नाहीत. द्रौपदीनं भरजरी शेला फाडून कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली म्हणतात. आमच्या गटात तिला आधी विचारलं असतं, शेला कुठून घेतलास आणि अजून आहे का?

तर, फुलस्केपचा मान राखायचा म्हणून मी सांडवा उघडायचं ठरवलं. ओळखीतून एक गोधडीवाल्या मावशी आणल्या, पंढरपूरकडच्या. गच्चीत सतरंजी टाकली, पुढं चाळीस मीटर कापड मांडलं, सांगानेरी, कलमकारी, खणाचे तुकडे, आणि काळजावर दगड ठेवून अजरखसुद्धा. मावशींनी एकेक कापड चिमटीत धरून चोळलं, गालाला लावलं, बाजूला ठेवलं. मग डबीतली मिश्री काढली.

‘ताई, ह्ये समदं कोरं हाय.’

‘हो, एकदम नवीन,’ मी अभिमानानं म्हटलं.

‘मंग ह्याची कशी व्हायची गोधडी? कोरं कापाड टोचतंया. आदी चार वर्सं नेसा, धुवा, इरू द्या. मंग बलवा मला.’

चहा पिऊन त्या गेल्या. चाळीसच्या चाळीस मीटर जागच्या जागी परत गेलं. यांनी गच्चीच्या दारातून विचारलं, ‘विसर्ग किती झाला?’ मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे, दरवाजा अडकलाय.

मावशींचं म्हणणं मात्र मनात राहिलं. गोधडीला जुनं मऊ कापड हवं, आणि माझ्याकडे जुनं असं काहीच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचा साठा करत होते! बुधवारी दुपारी गल्लीतून ‘भांडीऽऽ घ्या भांडीऽऽ’ अशी बोहारणीची हाळी आली आणि मी खिडकीतूनच तिला वर बोलावलं. तिनं सवयीनं डोक्यावरची पाटी उतरवली, भांडी मांडली, आणि माझ्या जुन्या कपड्यांची वाट बघत बसली. मी तिच्या पाठीवरच्या गाठोड्याकडं बोट दाखवलं. त्यात सकाळपासून जमवलेल्या सहा साड्या होत्या, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या.

मी आतून स्टीलचा मोठा डबा आणून तिच्यापुढं ठेवला.

तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग डबा उचलून नखानं टणटण वाजवला. ‘सहाला एवढ्यात नाय परवडत ताई,’ ती म्हणाली, ‘वर एक पातेलं वाढवा.’