हौस आपली, नाव घरच्यांचं

घरच्यांचे फोटो काढायला म्हणून कॅमेरा घेणारा माणूस आणि आईवडिलांना देवदर्शनाला न्यायचं म्हणून मोटार घेणारा माणूस हे एकाच जातकुळीचे. आईवडील देवाला वर्षातून एकदा जातात, उरलेले दिवस मोटार चिरंजीव फिरवतात. कॅमेऱ्याचंही तसंच. पण ‘मला हवाय’ असं म्हणून आजवर कोणत्या मराठी घरात काही मंजूर झालंय? ‘पोरांच्या आठवणी राहतील’ म्हटलं की ठराव निदान चर्चेला तरी येतो.

आमच्या खोडाळ्यासारख्या गावात राहून हा ठराव मांडणं आणखी अवघड. इथे कॅमेरा घ्यायचा तर नाशिक गाठायचं, नाहीतर विहीगावमार्गे कसाऱ्याला जाऊन लोकल धरायची आणि कल्याण-ठाण्याला उतरायचं. म्हणजे गुपचूप खरेदी करण्याची सोय नाही. सकाळच्या एसटीत बसलात की नाक्यावरचे तिघेजण ‘कुठं?’ विचारणार आणि संध्याकाळी खोक्यासह उतरलात की तेच तिघे ‘केवढ्याला?’ विचारणार. मी किंमत कमी करून सांगितली. बायकोला सांगितलेली त्याहून थोडी कमी होती. आईला फक्त ‘सेलमध्ये मिळाला’ एवढंच सांगितलं. तिचा मुद्दा मात्र बिनतोड होता : “खिशातला मोबाईल काय मग पुजायला ठेवलायस?”

अशा वेळी मला दादासाहेब फाळक्यांचा आधार वाटतो. तसे ते आमचे शेजारीच. घाट चढून गेलं की त्र्यंबकेश्वर, आणि तिथे 30 एप्रिल 1870ला त्यांचा जन्म. आमच्या भागातून वाहणारी वैतरणाही त्र्यंबकच्याच डोंगरातून निघते. सिनेमाचं वेड लागल्यावर या गृहस्थांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्या, 1912च्या फेब्रुवारीत बोटीने लंडन गाठलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. घरी आल्यावर पहिली छोटी फिल्म कशाची? कुंडीत लावलेल्या वाटाण्याची. रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर त्यांनी तो कोंब टिपला आणि पडद्यावर मिनिटभरात त्याचा वेल झाला. विमा गहाणात आणि मालक वाटाण्यासमोर! आमच्याकडे असं काही झालं असतं तर त्या वाटाण्याची दुसऱ्याच दिवशी उसळ झाली असती.

सरस्वतीबाई फाळक्यांनी मात्र दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला, लेक मंदाकिनी 1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण. म्हणजे घरच्यांच्या पैशाने कॅमेरा आणायचा आणि मग त्याच घरच्यांना त्याच्यासमोर उभं करायचं, ही परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “अहो, त्यांनी निदान आधी विमा तरी काढला होता.”

कॅमेरा आणला तो श्रावणात. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना यातला धोका लगेच कळेल. इथे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, पुस्तकाला येते, पापडाला येते. भिंगाला का सोडील? भिंगात एकदा बुरशीचं जाळं धरलं की ते साफ करणं महाग पडतं. म्हणून हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. घरात हवाबंद डबा एकच होता, नागलीच्या पिठाचा. आईने तो शांतपणे रिकामा करून दिला. पण भाकरी थापताना दर वेळी ‘पीठ सादळलं’ एवढं ऐकवायची.

पावसाळी फोटोंचा दुसरा गुण म्हणजे रंग. ओटीवर पावसाची झड येऊ नये म्हणून आमच्याकडे निळी ताडपत्री बांधतात. तिच्यातून गाळून येणाऱ्या उजेडात सगळं कुटुंब निळं आलं. ‘व्हाइट बॅलन्स’ बदलला तेव्हा माणसं माणसांच्या रंगाला आली आणि भिंत पिवळी झाली. आई म्हणाली, “मोबाईलात बरे येत होते.” या वाक्यावर कोणत्याही कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत उपाय दिलेला नाही.

पण अख्ख्या कुटुंबाचा फोटो पावसाळ्यात होतच नाही. इकडचं माणूस एकत्र सापडतं ते शिमग्याला. भात झोडून झालं, दिवाळी उरकली की पाड्यांवरची कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. दारांना कड्या लागतात. होळीला पोराबाळांसह परततात, तेव्हा गाव पुन्हा गाव दिसायला लागतं. आमच्या घराचंही पंचांग तेच. कल्याणचा भाऊ, नाशिकची पुतणी, आत्या, काकू, सगळे एका छपराखाली असतात ते होळीच्या दोन दिवसांत. दहा हजार फोटो मावतील असं कार्ड खिशात असतं. माणसं मावतात ती मात्र त्या दोन दिवसांतच.

तर शिमग्याला ओटीवर दोन रांगा केल्या. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने दिलेली 50 मिलिमीटरची लेन्स लावली, छिद्र पूर्ण उघडलं. एफ 1.8. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, असं तो म्हणाला होता. विरघळलं. पुढच्या रांगेतल्या वहिनीच्या नथीचा मोती न् मोती मोजता येत होता आणि मागच्या रांगेतल्या काकू धुक्यात गेल्या होत्या. काकूंनी पडद्यावर फोटो पाहिला, वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत, पण चहा अर्धाच घेतला. छिद्र लहान करून एफ 8 वर नेलं तेव्हा दोन्ही रांगा सारख्या स्पष्ट झाल्या. एकत्र कुटुंबात एफ 1.8 वापरू नये, हे तंत्राच्या पुस्तकात नसलं तरी व्यवहाराचं आहे.

मग टायमर लावून मीही रांगेत शिरलो. चेहरे ओळखून फोकस करण्याची करामत या कॅमेऱ्यात आहे. पण दहा सेकंदांत पोरं हलली, भाऊ शिंकला, आत्याने पदर सावरताना तोंड झाकलं. कॅमेऱ्याने सगळे चेहरे धुंडाळले आणि न हलणारा एक निवडला : भिंतीवरच्या तसबिरीतले आजोबा. त्या फोटोत ते लख्ख आले आहेत. वर्षानुवर्षांचा सराव; पापणी लवलेली नाही.

उन्हाळ्यात बोहाड्याला मी कॅमेरा घेऊन गेलो आणि तिथे माझं निमित्त उघडं पडलं. रात्रभर एकेक सोंग येतं, गणपतीपासून सुरुवात होते, संबळ घुमतो, लाकडी आणि कागदी लगद्याचे मुखवटे मशालीच्या उजेडात डोलतात. मी पहाटेपर्यंत गुंग. कुटुंब शेजारीच बसलं होतं. त्यांचा एकही फोटो नाही. “घरच्यांसाठी घेतलाय ना?” बायकोने विचारलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नोंद होती.

त्या नोंदीची वसुली सध्या चालू आहे. पुतणीला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो, भावाला ‘आधारवरच्यापेक्षा माणसासारखा’ एक, शेजारच्या पाड्यावरच्या म्हातारबाबांना बँकेसाठी तीन प्रती. काकूंना त्यांचा एकटीचा हवा, एफ कितीही असो. आणि आत्याने बजावलंय, “माझा एक चांगला काढून ठेव, मागाहून भिंतीवर लावायला. पण आत्ता नको. दात बसवून येते.”

पांढरी चादर खिळ्याला टांगून मी रविवारची सकाळ यात घालवतो. हौस माझी आहे हे घरात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. कॅमेऱ्याचे हप्ते पुढच्या वर्षी फिटतील. परवानगीचे चालूच राहतील, असं दिसतंय.