गोधडीतले सर

अर्थशास्त्राचे असे एक सर हल्ली प्रत्येक कॉलेजात असतात. आमच्याकडेही आहेत. पूर्वी ते ओव्हरहेड प्रोजेक्टरचे होते, मग पीपीटीचे झाले. करोनाकाळ त्यांनी "माझा आवाज येतोय का?" एवढं विचारण्यात काढला. सध्या ते पॉडकास्टचे आहेत.

स्टाफरूममध्ये चहा आला की सर हटकून ड्यूक विद्यापीठ काढतात. "२००४ साली ड्यूकनं पहिल्या वर्षाच्या झाडून सगळ्या पोरांना आयपॉड वाटले! आणि आपण? डस्टर हवं तर ऑफिसात अर्ज!" फिजिक्सच्या मॅडम शांतपणे म्हणतात, "ॲपलचं लेक्चरं पुरवणारं आयट्यून्स यू २०२१ अखेर बंद झालं ना पण?" सर गडबडत नाहीत. "दुकान बंद पडलं मॅडम, माल नाही." इतिहासवाल्यांना तेवढ्यात १९८४ आठवतं. दूरदर्शनवर यूजीसीचे कार्यक्रम सुरू झाले होते आणि ते लागले की त्यांच्या घरी टीव्ही बंद करून पानं घ्यायचे. सर यावर काही बोलत नाहीत. बिस्किट बुडवतात.

रेकॉर्डिंग घरी होतं. आवाज घुमू नये म्हणून सर डोक्यावरून आईच्या हातची गोधडी घेतात आणि आत मोबाइल धरून बोलतात. पंख्याची घरघर येते म्हणून पंखाही बंद. एप्रिलमध्ये पूर्ण स्पर्धेचा अख्खा धडा त्यांनी असाच संपवला. बाहेर आले तेव्हा वाफारा घेतल्यासारखे दिसत होते, असं वहिनी सांगतात. गोधडीनं सगळे आवाज अडतात, कुकर सोडून. पोरांनी त्याचाही उपयोग करून घेतला. परीक्षेच्या आधी वर्गाच्या ग्रुपवर निरोप फिरतो : 'गिफेनचा विरोधाभास दुसऱ्या शिट्टीपासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत. बाकी सोडलं तरी चालेल.'

पहिला भाग अठ्ठेचाळीस मिनिटांचा होता, कारण पिरियड अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. त्यातली पहिली सहा हजेरीची. सर नंबर घेत होते आणि मध्ये थांबत होते, 'प्रेझेंट' ऐकण्यासाठी. विसाव्या मिनिटाला त्यांनी खिडकीजवळच्या जोडीला तंबी दिली. मग म्हणाले, "आता इकडे बघा. ही रेषा अशी अशी खाली येते. हा झाला मागणी वक्र. आता ती इथून उचलून तिथं ठेवू. काय झालं? दिसलं ना सगळ्यांना?" पुढं खडू घासल्याचा आवाज. गोधडीत खडू कुठून आला हे मी त्यांना विचारलं. म्हणाले, हातात काही नसलं की सुचत नाही.

एका मुलीनं ग्रुपवर विचारलं, "सर, अशी म्हणजे कशी?"

हा प्रश्न सरांना लागला. मार्शलच्या १८९०च्या ग्रंथापासून चालत आलेली आकृती, किंमत उभ्या अक्षावर, नग आडव्यावर; बावीस वर्षं ते ती फळ्यावर काढत होते आणि पोरं वहीत उतरवत होती. उतरवलं म्हणजे कळलं, असा दोन्ही बाजूंचा समज होता. आता फळाच नाही म्हटल्यावर तोंडानं सांगणं भाग होतं. दुसऱ्यांदा केलेला भाग मी ऐकलाय. हजेरी नाही, तंबी नाही. "आंबा चाळीसनं महागला तर तुमची आई काय करते? पुढच्या आठवड्यात बघू म्हणते. मीठ दोन रुपयांनी महागलं तर? भाव विचारते तरी का? बस. लवचीकता म्हणजे एवढंच." तेरा मिनिटांत संपला. सरांना मनाविरुद्ध चांगलं शिकवता आलं होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती. उरलेल्या पस्तीस मिनिटांचं काय करायचं, हे ते आठवडाभर विचारत होते.

पोरं एसटीत ऐकतात, दीडपट वेगानं. त्याचा त्रास असा की वर्गात सर प्रत्यक्ष बोलायला लागले की त्यांना वाटतं, सरांची तब्येत बरी नाही.

मग कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाचं वारं आलं. प्राचार्यांनी पुरावा मागितला. सरांनी लिंक दिली. "लिंक फाइलला कशी लावणार?" हा प्रश्न रास्त होता. शेवटी सगळे भाग उतरवून काढले, प्रत्येक पानावर सही-शिक्का झाला, 'कुकरची शिट्टी' हे कंसात राहिलं ते राहिलंच. रेकॉर्डिंग करतानाचा जिओ-टॅग फोटोही लागतो. तोही आहे. त्यात सर दिसत नाहीत, गोधडी दिसते. अक्षांश-रेखांश मात्र अगदी चोख आहेत.

कांद्याच्या भागानं खरी गंमत केली. सर सहज म्हणून गेले की भाव पडला की गिऱ्हाईक वाढतं आणि बाजार आपला आपण सावरतो. तो भाग एका पोरीनं घरी जेवताना लावला. वडील लासलगावला कांदा विकणारे. त्यांनी रात्री सरांना नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. "मास्तर, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत. माल माझ्या चाळीत, भाव दिल्लीच्या हातात. आपला आपण सावरतो तो बाजार कुठल्या गावाला भरतो, तेवढं सांगा. मी तिकडं गाडी लावतो." पुढं हमाली, तोलाई आणि चाळीत सडणाऱ्या कांद्याचा हिशेब, कागद न बघता.

सरांनी तो संदेश एक शब्दही न कापता पुढच्या भागात लावला. वर स्वतः दोनच वाक्यं बोलले. आजवर सर्वांत जास्त ऐकला गेलेला भाग तोच. पोरांनी तो दीडपट वेगानं ऐकला नाही, असंही कळलं. स्टाफरूममध्ये आम्ही सरांचं अभिनंदन केलं.

"मुद्दा बरोबर आहे त्यांचा," सर बिस्किट बुडवत म्हणाले. "पण आवाज फार घुमतो. मी एक गोधडी पाठवून दिलीय."