जळलं मेलं वैदग्ध्य

आमच्या गावच्या वाचनालयात मानपत्रं लिहायचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. मी चांगली लिहितो म्हणून नव्हे, फुकट लिहितो म्हणून. शिक्षकाला ‘ज्ञानतपस्वी’, व्यापाऱ्याला ‘दानशूर’ आणि ज्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही त्याला ‘अष्टपैलू’, असा माझा हिशेब ठरलेला.

‘विदग्ध’ हा शब्द मात्र मी लग्नातल्या शालूसारखा राखून ठेवला होता. कधीतरी एका व्याख्यानात तो कानावर पडला. वक्ते ‘लोकसाहित्य आणि विदग्ध साहित्य’ असं काहीतरी समजावत होते. त्यातलं पहिलं मला कळलं. दुसरं कळलं नाही, म्हणून तेच जास्त आवडलं. अर्थ मी बसल्या खुर्चीत काढला. विद् म्हणजे जाणणे. त्यातून विद्या, विद्वान, वेद. आता विद्वानाच्या शेपटीला थेट ‘ग्ध’ लागलाय म्हणजे तो चांगलाच विद्वान असणार! घरात कोश होता, पण माळ्यावर. त्याच्यावर मोदकपात्र, मोदकपात्रावर गणपतीचं मखर. भाद्रपदाशिवाय तिकडे कोणी हात घालत नाही.

मग गावातल्या वैद्यबुवांची पंचाहत्तरी आली. पन्नास वर्षं नाडी धरून बसलेला माणूस, संस्कृतचा दांडगा व्यासंग. शालू बाहेर काढायची हीच वेळ, असं म्हणून मी मानपत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘विदग्ध वैद्यराज!’ समितीला ते इतकं आवडलं की दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर तेवढेच दोन शब्द छापले. खाली हात जोडलेली सगळी समिती, आणि कोपऱ्यात मी.

समारंभात मानपत्र मीच वाचलं. ‘विदग्ध’ला जरा थांबलो, टाळ्यांसाठी. टाळ्या आल्याही. वैद्यबुवा हसले. मी ती प्रसन्नता समजलो.

सत्काराला उत्तर द्यायला ते उठले. म्हणाले, “समितीचे आभार. फक्त एक सांगतो, आमच्या शास्त्रात विदग्ध हा अजीर्णाचा प्रकार आहे. सुश्रुतांनी सांगून ठेवलाय. आमाजीर्ण, विष्टब्धाजीर्ण, तसं विदग्धाजीर्ण. पित्त खवळतं, घाम येतो, तहान लागते, घशाशी जळजळ होते आणि धुरासकट आंबट ढेकर येतात. म्हणजे आपण मला ‘करपट ढेकरांचे वैद्यराज’ म्हटलंत.” सभागृह खदखदलं. “यावर उपचार वमन. अन्न पचलेलं नसतं, तेव्हा ते बाहेर काढावं. मानपत्रकारांनी मला श्रीफळ दिलं. मी त्यांना गेळफळ द्यायला हवं.” ओकारीचं औषध म्हणून गेळफळ आमच्याकडे जुन्या माणसांना माहीत आहे. पहिल्या दोन रांगांत सगळी जुनीच माणसं होती.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “दूध लागलं की आम्ही करपलं म्हणतो. तुम्ही आता विदग्ध झालं म्हणा.”

रात्री अकरा वाजता मखर उतरवलं, मोदकपात्र उतरवलं आणि वामन शिवराम आपट्यांचा कोश काढला. मूळ कोश १८९० सालचा. इतकी वर्षं तो अर्थ सांगायला तयार बसला होता. विद् धातूचा तिथे काही संबंधच नाही. वि अधिक दह्. दुह् चं दुग्ध, मुह् चं मुग्ध, तसं दह् चं दग्ध. अर्थ वाचत गेलो: जळलेला, शिजलेला, पचलेला, नासलेला. मग कुठे चतुर, रसज्ञ, आणि लगेच पुढे कावेबाज! भाजून पक्का झालेला तो विदग्ध, असा रस्ता मी माझ्यापुरता लावून घेतला. नुसतं माहीत असलेला तो विद्वान. कुठे काय बोलावं, कुठे गप्प बसावं हे कळणारा, नजर तयार झालेला, तो विदग्ध. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त वक्रोक्तीची व्याख्या करताना हेच वैदग्ध्य वापरलंय. म्हणजे शब्द मुळात चुकला नव्हता. चुकला होता तो गिऱ्हाइकात.

भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’त तर विदग्धा ही परकीया नायिका निघाली. शब्दांच्या नाहीतर कृतीच्या चतुराईने प्रियकराशी संधान बांधणारी. वैद्यबुवांनी भर सभेत हे काढलं नाही, ही त्यांची थोरवी. तिथे वैद्यीणबाईही बसल्या होत्या.

‘मुग्ध’ही पाहिला. मूळ अर्थ गोंधळलेला, मूढ. फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या माझ्या फोटोखाली तो चालला असता.

आणि बृहदारण्यकोपनिषदात विदग्ध नावाचा माणूसच भेटला. विदग्ध शाकल्य. जनकाच्या सभेत त्याने याज्ञवल्क्यांना विचारलं, देव किती? उत्तर आलं, तीन हजार तीनशे सहा. बरं, पण किती? तेहेतीस. पण किती? सहा. मग तीन, दोन, दीड आणि शेवटी एक. (दीड देव मला फार आवडला.) शाकल्य तरी थांबेना. अखेर याज्ञवल्क्यांनी उलटा प्रश्न टाकला, त्याला उत्तर येईना, आणि त्याचं डोकं गळून पडलं. पुढे त्याची हाडंही चोरांनी दुसरंच काही समजून पळवली. माझं फक्त मानपत्र परत आलं होतं, तेही चौकटीसकट.

तिसऱ्या दिवशी माझीच छाती जळायला लागली. सत्काराच्या पंगतीत शरमेने मान खाली घालून बसलो होतो. मान खाली घातली की समोर पानच दिसतं. सात जिलब्या, मठ्ठा, दोनदा मसालेभात. त्यावर तीन रात्री जागून कोश. बायको म्हणाली, “चला, त्यांच्याकडेच जाऊ.” म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे जाऊ. पण गावात दुसरे दाताचे आहेत.

वैद्यबुवांनी नाडी धरली. फ्लेक्सचा विषयसुद्धा काढला नाही.

“ढेकर येतात?”

“येतात.”

“आंबट?”

“हो.”

“धुरासकट?”

मी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. त्यांनी केसपेपर ओढला आणि निदानाच्या ओळीत एक शब्द लिहिला. अक्षर वैद्याचंच होतं, पण तेवढा शब्द मला चष्म्याशिवायही वाचता आला.