शेव्हरोलेप्रकरणी लेखी खुलासा

कॅन्टन, मिशिगन
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थरूप बाबांस,


तुमचं पत्र पोचलं. वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ' आणि शेवटी 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा' हे पाहून यांनी पुढचं सगळं उभ्यानेच वाचलं. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन तुम्हाला एवढी वर्षं झाली, तळेगावच्या घराला कुलूप लावून तुम्ही दोघं दादाकडे बंगळूरच्या बोम्मसंद्र्याला आलात, तरी आवक-जावक चालूच आहे म्हणायची.

तुमचा मुद्दा असा, की जावई डेट्रॉइटच्या पंचक्रोशीत नोकरीला आहेत, तेव्हा शेव्हरोलेने २०१७ साली भारतातून गाशा का गुंडाळला याचं उत्तर त्यांनी द्यावं. बाबा, ते सीटबेल्टची बकलं करणाऱ्या कंपनीत आहेत. कॉफीचं मशीन बदलायचं तरी त्यांना तिघांना ईमेल करावे लागतात. पण सासऱ्यांचा शब्द म्हणून त्यांनी वाचन केलं, शेजारच्या आजोबांची साक्ष काढली आणि लिहायचं काम माझ्यावर ढकललं. तुम्ही लाल शाईने शुद्धलेखन तपासून पत्र परत पाठवता, ही भीती त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

प्रकरणाची दुसरी बाजू आईने फोनवर सांगितली. दादाने विजेवरची गाडी बुक केली आहे, आणि सोसायटीने चार्जिंगचा पॉइंट दिलाय तो नेमका त्याच खांबावर, ज्याच्या आडोशाला तुमची शेव्हरोले स्पार्क उभी असते. "बाबा, ती आता काढून टाकू," एवढंच दादा म्हणाला, तर तुम्ही दोन वेळा जेवला नाहीत. (आई म्हणते एकच वेळ, आणि तेव्हाही चिवडा चालू होता.) त्यातून हा खुलासा मागवलात. अमेरिकन गाडी आहे, तिचा असा अपमान होता कामा नये, वगैरे.

आधी अमेरिकनपणाचंच बघू. ज्याच्या नावाने ही गाडी चालते तो लुई शेव्हरोले जन्माने स्विस. शर्यतीत गाड्या पळवायचा. कंपनी १९११ साली डेट्रॉइटमध्ये निघाली, पण डोकं होतं विल्यम ड्युरंट या गृहस्थाचं. त्याने जनरल मोटर्स उभी केली होती आणि तिथल्या सावकारांनी त्यालाच बाहेर काढलं होतं. पठ्ठ्याने शेव्हरोले काढली, ती चालली, आणि तिच्या जोरावर जनरल मोटर्सचे शेअर गोळा करून १९१६ मध्ये पुन्हा त्याच दारातून आत गेला. बदली रद्द करून आणणारे अधिकारी तुम्ही पुष्कळ पाहिलेत, पण असा नाही. लुईचं मात्र १९१३ मध्येच त्याच्याशी बिनसलं. सिगारेटवरून म्हणतात. ड्युरंटचं म्हणणं, वरच्या हुद्द्याच्या माणसाने सिगार ओढावा. लुई आपला हिस्सा आणि आपलं नाव दोन्ही सोडून गेला. पुढे मंदीत हात रिकामे झाले तेव्हा तो त्याच कंपनीत मेकॅनिक म्हणून कामाला लागला. स्वतःच्या नावाच्या पाटीखालून रोज हजेरी लावायला जायचं! हे वाचताना यांनी चहा बाजूला ठेवला.

चढती कमान मात्र खरी होती. फोर्डने सामान्य माणसाला गाडी दिली, पण वर्षानुवर्षं एकच गाडी आणि बराच काळ एकच काळा रंग. शेव्हरोले एव्हाना जनरल मोटर्सचाच भाग झाली होती, आणि तिथल्या आल्फ्रेड स्लोनने ओळखलं, की माणसाला नुसतं पोचायचं नसतं, शेजाऱ्याला दाखवायचंही असतं. रंग दिले, दरवर्षी रूप बदललं, हप्त्यांची सोय केली. १९२७ मध्ये शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकलं, आणि १९२८ मध्ये आपल्या मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात झाली. पहिली गाडी फाटकातून बाहेर पडताना तुमच्या काकांनी पाहिली होती, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. फरक एवढाच, की मी पहिलीत असताना काका रस्त्याच्या पलीकडे उभे होते आणि माझ्या लग्नात ते ड्रायव्हरशेजारी बसलेले होते. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला तेव्हा काका कुठे होते, हे तुम्ही कधी सांगितलं नाही.

उतरती कमान बघायला आम्ही फ्लिंटला गेलो होतो. इथून तासाभरावर आहे. शेजारचे आजोबा सोबत आले. ते तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांचे वडीलही तिथलेच. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगार कारखान्यात ठिय्या मारून बसले, शेव्हरोलेचा इंजिनांचा चार नंबरचा कारखाना ताब्यात घेतला आणि कंपनीला युनियन मान्य करायला लावली. ती हकिकत सांगताना आजोबांचा आवाज चढतो आणि ते गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यावर थापा मारतात, त्यामुळे हायवेवर तो विषय आम्ही टाळतो.

नदीकाठी जिथे मैलभर शेडच शेड होत्या तिथे आता बाग आहे. शेव्ही कॉमन्स म्हणतात तिला. उंच गवत, पायवाट, मध्येच जुन्या काँक्रीटचा तुकडा. आम्ही तिथे पुरीभाजी खाल्ली. आजोबांनी एका झाडाकडे बोट दाखवून सांगितलं, "इथे माझं लॉकर असायचं." मग लिंबाचं लोणचं मागून घेतलं. १९६० च्या सुमाराला दोन लाखांच्या जवळ वस्ती असलेलं हे गाव २०२० च्या शिरगणतीत ८१ हजारांवर आलं होतं.

झालं काय? आजोबांना विचारलं तर ते आमच्या दारातल्या जपानी गाडीकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. पण त्यांनाही ठाऊक आहे, की एकट्या जपान्यांमुळे हे झालं नाही. १९६५ मध्ये एकट्या इम्पाला मॉडेलच्या दहा लाखांवर गाड्या खपल्या. इतकं खपू लागलं की गिऱ्हाइकाचं ऐकू येईनासं होतं. त्याच वर्षी राल्फ नेडर या वकिलाने शेव्हरोलेच्या कोर्व्हेअर गाडीच्या सुरक्षेवरून रान उठवलं. पुढे छोटी गाडी हवी अशी ओरड झाली तेव्हा व्हेगा काढली, ती गंजासाठी नावाजली गेली. तेल महागलं, लोक छोट्या गाड्यांकडे वळले, आणि १ जून २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज दिला. सरकार साठ टक्क्यांचं मालक झालं. तेवढे दिवस ती तुमच्या पसंतीची कंपनी होती असं समजा.

आता तुम्ही रोज संध्याकाळी फिरायला जाता त्या रस्त्याकडे येते, कारण खरा खुलासा तिथेच आहे.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठ आहे. १९९० मध्ये जनरल मोटर्सने कॉलेजच्या मुलांसाठी सौरगाड्यांची शर्यत ठेवली, फ्लोरिडापासून थेट इथल्या वॉरनपर्यंत. ती मिशिगनच्या मुलांनी जिंकली, आणि त्या चमूत बंगळूरचा एक मुलगा होता, चेतन मैनी. पुढे मैनी कुटुंबाने एका अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत विजेची गाडी करायला घेतली आणि २००१ मध्ये ती विक्रीला आणली. तीच रेवा. कारखाना कुठे? बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहत!

आठवतं का, दादाच्या मित्राने आपल्याला तिच्यातून फिरवलं होतं? आई पुढे, मी मागे गुडघे हनुवटीला लावून. तुम्ही बाहेर उभे राहून अंगठ्याने तिचं दार दाबून पाहिलंत. प्लास्टिक आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं. मग तो चावी फिरवून वाट बघत बसला आणि तुम्ही म्हणालात, "बंद पडली वाटतं." तो म्हणाला, "काका, चालू आहे." आवाज नाही म्हणजे बंद, यावर तुम्ही ठाम होतात. शेवटपर्यंत बसला नाहीत. भातुकलीतली गाडी म्हणालात. लंडनकरांनीही तिची टर उडवली, पण शहरात शिरण्याचा कर लागत नाही म्हटल्यावर जी-विझ या नावाने ती घेऊन फिरलेच.

इकडे त्याच जनरल मोटर्सने १९९६ मध्ये स्वतः विजेची गाडी काढली होती. ईव्ही-१. विकली नाही, फक्त भाड्याने दिली. अकराशेच्या वर केल्या, मग फायद्याचं नाही म्हणून परत मागवल्या आणि बहुतेक यंत्रात घालून चेपून टाकल्या. लोक विकत मागत होते, तरी. त्यानंतर सहा-सात वर्षांत, २००९ मध्ये, हीच मंडळी बोम्मसंद्र्याचं दार ठोठावत आली: आमच्या स्पार्कमध्ये तुमचं विजेचं तंत्र बसवून द्या. होय बाबा, तुमचीच स्पार्क! जानेवारी २०१० मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती मांडलीही. मे महिन्यात महिंद्राने रेवाचा ५५ टक्के हिस्सा घेतला, प्रतिस्पर्ध्याच्या घरात कसं जायचं म्हणून जनरल मोटर्सने सोयरीक मोडली, आणि विजेची स्पार्क आपल्याकडे रस्त्यावर आलीच नाही. नाहीतर आज त्या खांबावरच्या पॉइंटवर दादाच्या आधी तुमचा हक्क असता.

हे मला जास्त लागतं. दिवाळखोरी मोठमोठ्यांची होते. पण ज्याला स्वतःच्या शर्यतीत पळवलं, त्याच्याच दाराशी पंधरा-वीस वर्षांनी जायचं आणि पुन्हा रिकाम्या हाताने परतायचं, याला काय म्हणावं?

तळेगावचं तुम्हाला मी काय सांगणार? २००८ मध्ये तिथे जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला तेव्हा तुम्ही सगळ्या नातेवाइकांना "आता आमचं डेट्रॉइट" अशी पत्रं धाडली होतीत. २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१५ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात शंभर कोटी डॉलर घालणार असं जाहीर केलं; दोन वर्षांत विक्रीच बंद. त्यानंतर तळेगावच्या गाड्या परदेशी जात राहिल्या आणि २०२० च्या शेवटी तेही थांबलं. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. आणि बाबा, हे बसून वाचा. तुमची स्पार्क ही मुळात कोरियातल्या देवू कंपनीची मॅटिझ. तेव्हा कोरियन गाडी होती त्या जागी कोरियन गाडीच आली. मधल्या काळात आपण तिला अमेरिकन समजून हार घातला.

इथे शेव्हरोलेचं तेरावं घालायची वेळ आलेली नाही. आमच्या गल्लीत तीन दारांत त्यांचे सिल्व्हेराडो ट्रक उभे आहेत, प्रत्येक तुमच्या हॉलएवढा. पण युरोप सोडला, भारत सोडला. जगभर पसरलेल्या घराच्या बऱ्याच खोल्यांना कुलूप लागलं आहे.

तुमची दुसरी मागणी दाराच्या हँडलची. (आईने त्याला नारळाची पिशवी अडकवली होती हे तिनेच कबूल केलंय, पत्रात तुम्ही लिहिलंय तसं ते 'आपोआप' निखळलेलं नाही.) हे पार्टच्या दुकानात जाऊन आले. काउंटरवरच्या माणसाने नंबर घातला, पुन्हा घातला, आणि म्हणाला की ही गाडी आम्ही या देशात कधी विकलेलीच नाही. डेट्रॉइटच्या वेशीवर तुमचं हँडल मिळत नाही, बाबा. दादा म्हणतो जे. सी. रोडला नक्की मिळेल. तेव्हा बोम्मसंद्र्याहून यलो लाइनने आर. व्ही. रोडला जा, तिथे ग्रीन लाइन घेऊन के. आर. मार्केटला उतरा. डावीकडचं सांगा, आणि रंग जुळला नाही तरी भांडू नका.

माझा निर्णय: खांब दादाला द्यावा, स्पार्क जनरेटरशेजारच्या भिंतीला लावावी, विकू नये. केए-५१ चा नंबर मिळाल्यावर एमएच-१४ ची जुनी पाटी आईने पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली आहे, ती तुम्ही परत मागू नये. जानेवारीत इथली एक मैत्रीण बंगळूरला येते आहे, तिच्या बॅगेत दोन किलोंची जागा आहे. हँडल रद्द झाल्यामुळे ती पूर्ण आईच्या यादीला दिली आहे.

तुमची,
वैशाली

ता. क. हे विचारतात, की प्रकरण निकाली निघालं असं समजावं का? तसं असल्यास 'फाइल बंद' असा शेरा मारून पाठवावा. आम्ही जुलैत येतो आहोत, आणि फोर्डने चेन्नईचा कारखाना का बंद केला हे जेवायला बसल्यावर विचारणार नाही, एवढं आधी लेखी हवं आहे.