पेटीची किल्ली

शाळेच्या व्हरांड्यात तक्रारपेटी होती. लाल पत्र्याची, भलंमोठं कुलूप घातलेली. मुख्याध्यापकांच्या दाराला लागून, माझ्या डोळ्यांच्या उंचीला टांगलेली. पहिलीतल्या पोरीचा हात तिथं पोहोचत नाही.

पोहोचला तरी ती लिहिणार काय? तिला अजून ‘क’ धड काढता येत नाही.

किल्ली कुणाकडे असते, असं शिपाईमामांना विचारलं. “सरांकडे.”

आणि तक्रार सरांचीच असली तर?

बदलापूर आठवतंय ना? ऑगस्ट 2024. शाळेतच अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या मुली. त्यांनी कुठल्या पेटीत चिठ्ठी टाकली नाही. घरच्यांना कळलं, घरच्यांनी विश्वास ठेवला, डॉक्टरांकडे नेलं. घराने आपलं काम केलं. पुढे गुन्हा नोंदवायला त्याच घरच्यांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणेला जाग आली.

प्रत्येक लेकरासाठी लोकल अडवायची का?

मग आदेश निघाले. शाळांत सीसीटीव्ही लावा, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमा. या समित्यांचा आदेश मुळात 2022 चा. दोन वर्षं त्या कुठे बसत होत्या, हे कुणी विचारलं?

सीसीटीव्ही हवाच. पण केंद्र सरकारने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले होते. मामाच्या घरात, शिकवणीच्या खोलीत, रिक्षात कॅमेरा कोण लावणार? तिथं माणसाचेच डोळे लागतात.

डोळे असतात हो. तोंड उघडत नाही.

“बोभाटा नको.” “संस्थेचं नाव जाईल.” “उद्या पोरीचं लग्न कसं जमेल?” “आपसात मिटवून घ्या.” ही चार वाक्यं म्हणणारे सगळे चांगल्या घरातले असतात. त्यांच्या जिवावरच गुन्हेगार पुढचं मूल शोधतो.

कायदा लेचापेचा नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 ला, बालदिनी, लागू झाला. कळूनही कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात एका डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो आदेश फिरवला. माहिती असून गप्प राहणं हाच गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं.

शिक्षकांच्या किती प्रशिक्षणांत हे सांगितलं जातं?

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथं घ्यायचा. शक्यतो महिला फौजदाराने, आणि गणवेश न घालता. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत, खटला होता होईल तो वर्षाच्या आत. सगळं लिहिलेलं आहे, आणि शहाण्या माणसांनी लिहिलेलं आहे.

शाळा, पोलीस, दवाखाना, समिती, कोर्ट यांनी मिळून काम करायचं म्हणजे एवढंच, की लेकराने एकदा सांगावं आणि पळापळ मोठ्यांनी करावी. प्रत्यक्षात ते आईला सांगतं, बाईंना सांगतं, ठाण्यात सांगतं, डॉक्टरांना सांगतं, मॅजिस्ट्रेटपुढे सांगतं, मग कोर्टात सांगतं. दर टेबलावर नवा माणूस आणि तोच प्रश्न: “काय झालं होतं, बाळा?”

सहाव्या वेळी बाळ गप्प बसतं. मग वकील म्हणतो, साक्षीदार फिरला.

1098 हा नंबर तुमच्या मुलांना पाठ आहे? तुम्हाला? मुंबईत 1996 साली सुरू झालेली ही हेल्पलाइन. फुकट, दिवसरात्र. फोन मुलानेच करावा असं नाही, शेजारणीनेही केला तरी चालतो.

आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडी ताईने केला. साडेचार वर्षांची पोर, न्यायला विशिष्ट माणूस आला की चटईची कड दोन्ही मुठींत धरून बसायची. ताईने तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी फोन लावला. पोर सुटली.

प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर खटला भरता येत नाही, हेही कायद्यात आहे. गल्लीचं काय? दीड वर्ष झालं, तिथं ताईला कुणी पाणी विचारत नाही. “दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं,” म्हणतात.

गावात बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, ताई सचिव. बाकीचे सदस्य त्याच गल्लीत राहतात.