अनुदानाचा रंग

सरकारला माणूस चटकन ओळखता येत नाही. गरजू कोण हे त्याला कागदावरून कळतं, आणि कागद कुणाच्याही बाजूने बोलतात. म्हणून रेशनचं रॉकेल गरिबाघरीच जळावं यासाठी एक काव्यमय उपाय निघाला: रॉकेललाच निळा रंग दिला गेला. खुल्या बाजारातलं पांढरं, रेशनचं निळं. दुकानदार माप कॅनमध्ये रिकामं करायचा तेव्हा नरसाळ्याच्या काठाशी क्षणभर मोरपिशी कडा चमकायची. रांगेतल्या बायका मात्र त्या रंगाकडे नाही, मापातल्या फेसाकडे बघत. फेस बसायच्या आत माप उलटं झालं की घोटभर रॉकेल दुकानातच राहतं, हे अर्थशास्त्र त्यांना तोंडपाठ होतं.

घरात गॅस आला की रेशनकार्डावर शिक्का बसायचा आणि रॉकेलचा कोटा आटायचा. दोन सिलिंडर असले तर तो बंदच. त्यामुळे कित्येक घरांत दुसरं सिलिंडर कर्जबाजारी मामासारखं आतल्या खोलीत, जुन्या साडीखाली लपून बसलेलं असे. पाहुण्यांना ते दिसायचं, पण कुणी विचारायचं नाही. पितळी स्टोव्ह पिन मारून मारून खोकत राहायचा, भातावर काजळी धरायची, आणि गॅसधारक गृहिणी निळ्या रॉकेलच्या रांगेत निरागस चेहऱ्याने उभी राहायची. स्वस्त आहे ते सोडवत नाही, एवढीच त्यातली गोष्ट.

ऐपत असलेल्यांनाही ते कुठे सोडवलं? 2010 च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले. डिझेलला त्यासाठी ऑक्टोबर 2014 उजाडावा लागला. मधल्या काळात ट्रॅक्टरसाठी आणि एसटीसाठी स्वस्त राखलेलं डिझेल उंच, पांढऱ्याशुभ्र गाड्यांनी मनसोक्त प्यायलं. सज्जन गृहस्थ लग्नपत्रिकेच्या पाठीवर ॲव्हरेजचे आकडे मांडत आणि आपण स्वतः विचार करून गाडी निवडली या समाधानात शोरूमच्या पायऱ्या उतरत. निवड दिल्लीत कधीच होऊन गेलेली असे. यांच्या वाट्याला फक्त वजाबाकी आलेली.

पुढे सरकारने द्रवाचा नाद सोडून माणसाचा खातेक्रमांक धरला. 1 जानेवारी 2015 पासून देशभर सिलिंडरची पूर्ण किंमत आधी मोजायची आणि अनुदान मागाहून बँकेत, अशी रीत आली. 1 मे 2016 ला बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चुलीपाशी जन्म गेलेल्या बायकांच्या नावावर गॅस आला. 2023 च्या ऑक्टोबरपासून या कनेक्शनना सिलिंडरमागे 300 रुपये मिळू लागले.

डोंगराकडच्या आमच्या मावशीच्या घरी त्या शेगडीवर क्रोशाचं झाकण आहे आणि सिलिंडरला हळदीकुंकू. पाहुण्यांचा चहा तेवढा गॅसवर होतो. भाकरी, आमटी, आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. कारण विचारलं तर म्हणाली, “अरं, सबशिडी मागनं येती. पैसं आधी मोजाय लागत्यात. लाकडाला काय पडतंय?”

लाकडाला काय पडतं, हे तिची वाकलेली मान आणि धुरानं सदा पाणावलेले डोळे बघून कळतं. डोंगरावरून मोळी आणायची म्हणजे अख्खी सकाळ. देशातलं सगळ्यात जुनं इंधन-अनुदान बायकांनीच चुलीला दिलंय, आणि अजून देतायत. त्याला रंग नाही, खातं नाही, कुठल्या अर्थसंकल्पात त्याची ओळ नाही. दिल्लीचे 300 रुपये झुंजतायत ते या अनुदानाशी, आणि ते मागाहून नव्हे, रोज पहाटे रोख मिळतं.

मी हे सगळं मावशीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, फुंकणीनं जाळ सारखा केला आणि म्हणाली, “मग त्या सरकारला म्हणावं, ते तीनशे मलाच दे, लाकडं आणायचं!”